पहिलं गाणं कुठलं?

माझ्या पहिल्या लेखसंग्रहाचं बाड दोन महिने टेबलावर पडून आहे. लेख अठरा आहेत, पण क्रम ठरत नाही. प्रकाशकांचं म्हणणं सरळ आहे. "दंगलीवरचा लेख पहिला घ्या. मुस्लिम लेखक म्हटल्यावर वाचक आधी तेच शोधतो." मला पहिला घ्यायचाय तो अम्मीच्या शिलाई मशिनवरचा लेख. त्यात दंगल नाही. उधारी आहे, तुटलेल्या सुया आहेत आणि दिवाळीआधीची ब्लाउजांची गर्दी आहे.

या घोळात मी रात्री जुने रॉक अल्बम ऐकत बसतो. तेही फारसं नाव न झालेल्या बँडचे, आणि त्यातले पहिलेच. नामवंतांना चाहते ऐकून घेतातच. अनोळखी बँडला मात्र पहिल्या गाण्यातच सांगावं लागतं, आम्ही कोण.

बोस्टनच्या 'द मॉडर्न लव्हर्स'चा त्याच नावाचा अल्बम १९७६ साली आला, तोवर बँड मोडलाही होता. पहिलं गाणं 'रोडरनर' १९७२ मध्येच रेकॉर्ड झालेलं. जवळजवळ सगळं गाणं दोन कॉर्डवर चालतं. विषय काय, तर रात्रीची वेळ, गाडी, चालू रेडिओ आणि मॅसॅच्युसेट्सचे रस्ते. जोनाथन रिचमन बोस्टनजवळच्या नेटिक गावचा. तो न लाजता आपल्याच भागातल्या हमरस्त्यांवर आणि सुपरमार्केटवर प्रेम करतो. ऐकताना वाटतं, हे काय गाण्याचे विषय आहेत? आणि मग आपणही त्या गाडीत बसलेले असतो.

न्यू जर्सीच्या 'द फीलीज'नं १९८० मध्ये 'क्रेझी ऱ्हिदम्स' काढला. त्याचं पहिलं गाणं 'द बॉय विथ द पर्पेच्युअल नर्व्हसनेस' सुरू झालंय हेच आधी कळत नाही. बराच वेळ जवळपास शांतता, मग लाकडावर हलकी टकटक, मग हळूहळू गिटार. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेडफोन बिघडला म्हणून वायर हलवून पाहिली होती. लक्ष वेधायला ओरडावंच लागतं असं नाही, हे मला त्या पोरांनी शिकवलं.

पण माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते लंडनच्या 'द साउंड'कडून. त्यांचा पहिला अल्बम 'जेपर्डी' १९८०चा. शीतयुद्धाचे दिवस, अण्वस्त्रांची धास्ती सगळीकडे. त्यावरचं 'मिसाइल्स' हे त्यांचं जळजळीत गाणं याच अल्बमवर आहे. काळाचा विषय म्हणून तेच पुढे ठेवता आलं असतं. पण सुरुवात होते 'आय कान्ट एस्केप मायसेल्फ'नं. खोलीत एकट्या सापडलेल्या माणसाचं गाणं. बास आणि ड्रम दबक्या पावलांनी चालतात, एड्रियन बोरलंड जवळजवळ पुटपुटतो, आणि मध्येच गिटार भडकून उठते. 'मिसाइल्स' येतं पाचवं. तोवर त्या माणसाशी आपली ओळख झालेली असते, म्हणून त्याचा संताप बातमीसारखा वाटत नाही.

बोरलंड पुढे मानसिक आजाराशी झगडत राहिला. १९९९ मध्ये त्यानं आपलं आयुष्य संपवलं. हे कळल्यापासून ते पहिलं गाणं ऐकणं जड जातं. तरी त्या मृत्यूपुरतंच ते गाणं ऐकणं मला अन्यायाचं वाटतं. विशीतला एक पोरगा आपल्याला जमेल तितकं खरं सांगत होता, एवढंच तेव्हा घडत होतं. माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच त्याची ओळख का व्हावी?

हाच प्रश्न मला प्रकाशकांना विचारायचा होता, फक्त शब्द सापडत नव्हते.

दंगलीवरचा लेख मी काढणार नाही. त्या रात्री आमच्या गल्लीत जे झालं ते लिहिलंच पाहिजे. पण त्या रात्री दाराला कडी लावून आत बसलेली बाई कोण होती, हे वाचकाला आधी ठाऊक हवं. तिच्या मशिनवर कुणाच्या लेकीचे ब्लाउज अर्धवट शिवून पडले होते, हेही.

काल फोन करून सांगितलं, "सर, शिलाई मशिन पहिलं. दंगल पाचवी."

"पाचवीच का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना गाण्याची लिंक पाठवली आहे. अजून उत्तर आलेलं नाही.