शरदातील जाग

भाद्रपद सरला आणि आकाश निवळले, की आम्हां कोंकणी माणसांना गावाकडची पिकू लागलेली भातशेते आठवतात. सिकंदराबादेस नोकरीसाठी आलो, त्या पहिल्या वर्षी तर या आठवणीने आम्ही अगदी एकलकोंडे झालो होतो. बाजारात सीताफळांच्या पाट्या आल्या होत्या. पण मनास गोडी नव्हती.

शेजारच्या तेलुगू बाईंनी बतुकम्मा पाहावयास बोलावले. “आमच्यात हे नसते,” असे म्हणून आम्ही दार लावून घेतले. पण गाण्यांना दार कोठले? खिडकीतून पाहतो तो तरवडाची पिवळी फुले आणि कुर्डूचे तुरे तबकात थरांवर थर रचून मध्ये ठेवलेले, आणि भोवती टाळ्या वाजवीत बायका फेर धरीत आहेत! भोंडल्यात मध्ये हत्ती असतो, येथे फुले होती; एवढाच काय तो भेद.

दसऱ्याच्या सायंकाळी त्याच बाई शमीची पाने घेऊन दारी आल्या. आपल्याकडे आपटा, तसे येथे शमीचे सोने. आम्ही ओशाळलो.

पाच दिवसांनी कोजागिरी आली. या वेळी दार आम्ही ठोठावले. गच्चीवर दूध आटले, चांदणे पडले, आणि मोडक्यातोडक्या तेलुगूत मध्यरात्रीपर्यंत गप्पा रंगल्या. ‘कोण जागे आहे?’ असे लक्ष्मी त्या रात्री विचारते म्हणतात. बालमित्रहो, आम्हांस जाग आली होती. मात्र थोडी उशिराच!