माझं ताट मी वाढून घेते

सातारा
रविवार, दुपार

अगं,

तुझं पार्सल पोचलं. उघडलं तर मेपल सिरपची बाटली, चॉकलेटचे तीन मोठे खोके आणि वर तुझी चिठ्ठी, 'डाएटवाल्या बाईंना सप्रेम'. शाळेत माझ्या डब्यातली गुळपोळी पळवून वर मलाच "आज डबा आणला नाहीस का गं?" विचारणारी तू, तुझ्याकडून दुसरं काय येणार! चॉकलेटं सासूबाईंनी ताब्यात घेतली. "हिला चालत नाहीत," असं घरात जाहीर केलं आणि खोके आपल्या कपाटात, लुगड्यांच्या खाली ठेवले. एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. रोज दुपारी चारला कपाटाचं दार वाजतं आणि मग बराच वेळ कुणी काही बोलत नाही.

परवा फोनवर तू विचारत होतीस, फोटोत इतकी वेगळी कशी दिसतेस म्हणून. तेव्हा सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, नीट सांगता आलं नाही. आता त्या पडल्यात, हे दुकानाचा हिशेब करतायत, म्हणून सगळं लिहूनच काढते.

तुला सांगते, मी वजनासाठी गेलेच नव्हते. गेल्या वर्षी जूनमध्ये उजवा गुडघा दाखवायला गेले. डॉक्टर म्हणजे आपल्या लेकींच्या वयाची मुलगी. तिनं गुडघा पाहिला आणि रक्त तपासायला पाठवलं. तीन महिन्यांची साखर आली ६.२. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ झाली की आत. वजन ७६ आणि उंची तुला माहीतच आहे, पाच फूट एक. कमरेला टेप लावली तर ९६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांची ८०च्या आत हवी म्हणतात. माझ्या आईचं शेवटचं वर्ष तू पाहिलंयस, तेव्हा त्या रात्री मला झोप का लागली नाही, ते तुला वेगळं सांगायला नको.

मला वाटलं, आता काकडी आणि सूप सुरू. पुतण्याच्या लग्नाआधी केलं होतं ना मी, एकवीस दिवस? सहा किलो उतरले आणि पुढच्या पाच महिन्यांत सात चढले. डॉक्टरला हे सांगितलं तर ती म्हणाली, "काकू, तसं उपाशी राहिलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि परत येते ती बहुतेक चरबीच. आता काहीही बदलू नका. पंधरा दिवस फक्त लिहून ठेवा. काय खाल्लं, किती वाजता आणि कुठे बसून."

ते 'कुठे बसून' मला आधी कळलंच नाही. वही भरायला लागले तेव्हा कळलं.

ती वही अजून माझ्याजवळ आहे. आलीस की दाखवीन. एका पानावर लिहिलंय, रात्री सव्वादहा, ओट्यापाशी उभी, पातेल्याला चिकटलेला भात, त्यावर आमटीचा तळ. दुसऱ्या पानावर, सकाळी साडेनऊ, ह्यांच्या ताटलीतले उरलेले पोहे. मग सायीचं भांडं निपटून काढलेलं, सासूबाईंनी अर्धी टाकलेली पोळी, डब्याच्या तळाशी राहिलेला चिवडा, 'आज संपवायलाच हवी' म्हणून संपवलेली बटाट्याची भाजी. पंधरा दिवसांत ताट वाढून, पाटावर म्हण की खुर्चीवर म्हण, बसून जेवले ती पाच वेळा. बाकी सगळं उभ्यानं आणि उरलेलं. जेवताना भूक होती का, हा रकाना डॉक्टरनं आखून दिला होता. तो भरताना माझे डोळे भरून आले गं. कितीतरी ठिकाणी मला आठवतच नव्हतं.

आपल्या आया अशाच जेवल्या. सगळ्यांचं झालं की पातेल्यातच कालवून. अन्न टाकवत नाही, आणि ते खरंच आहे, टाकू नयेच. पण टाकायचं नाही म्हणजे ते बाईच्या पोटातच गेलं पाहिजे, हे कुणी ठरवलं? मला ह्याचा खरोखर राग येतो. घरातल्या उरल्यासुरल्याची जागा म्हणजे आपण, असं मानत मी तीस वर्षं काढली.

म्हणून पहिला बदल ताटाचा. रोज साडेसातला मी सगळ्यांबरोबर ताट वाढून घेऊन बसते. पहिल्या रात्री घरात काय गोंधळ! हे मीठ आणायला उठले, तर साबुदाण्याचा डबा घेऊन आले. मग रव्याचा. "मीठ कुठे असतं?" मी म्हटलं, "ओट्यावर, शेगडीच्या डाव्या हाताला, आपलं लग्न झाल्यापासून." तिसऱ्या फेरीला सापडलं. आता तेच वाढतात, आणि बरं वाढतात हो! भाताचं माप अर्ध्या वाटीनं कमी केलं. तरी उरलं तर डब्यात घालून फ्रीजमध्ये, सकाळी फोडणी.

ताटात काय, हे तू विचारणारच. वेगळं काही नाही. आधी कोशिंबीर, मग उसळ किंवा पिठलं, एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक, आणि शेवटी भात चार घास. उसळ मात्र वाटीभर, चवीपुरती नव्हे. मटकी, मूग, हुलगे, आठवड्यातून चारदा अंडं. आपल्या वयात स्नायू टिकवायचे तर प्रथिनं लागतात, आणि आपल्या जेवणात नेमकी तीच कमी पडतात. तेल आधी किटलीतून सरळ कढईत जायचं, आता चमच्यानं जातं. एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात, हे कळल्यावर हात आपोआप आखडला. कंदी पेढा सोडलेला नाही. साताऱ्यात राहून तो सोडायचा म्हणजे काय! मोती चौकात गेले की एक घेते, तिथेच बाकावर बसून सावकाश खाते.

आणि अजिंक्यतारा! किल्ल्यावरच्या मंगळाईला आपण नवरात्रात अनवाणी जायचो, तू वाटेतल्या चार भिंतींपाशीच बसकण मारायचीस आणि "देवी मनातलं ओळखते" म्हणायचीस, आठवतं? मी जुलैपासून चढायला लागले. पहिल्या दिवशी पहिल्या वळणाशीच छाती भरून आली. तिथल्या कठड्यावर एक निवृत्त गुरुजी बसले होते. मला म्हणाले, "ताई, औरंगजेबाला हा किल्ला घ्यायला साडेचार महिने लागले. तुम्ही घाई करू नका." मी सहा आठवड्यांत दरवाजापर्यंत पोचले. गुरुजींनी त्या दिवशी सगळ्या चढणाऱ्यांना थांबवून बातमी सांगितली आणि खिशातून खडीसाखर काढून दिली. पावसात तिथं धुक्यात चार पावलांपलीकडचं दिसत नाही, नुसता माणसांचा बोलण्याचा आवाज येतो. वर पोचलं की धुकं फाटतं आणि खाली सगळं गाव ओलं, कौलं चमकणारी. रोज पाहते, रोज थांबते.

वजन दिवाळीपर्यंत ७१वर आलं आणि तिथेच अडकलं. अकरा आठवडे काटा हलला नाही. तेच ताट, तीच चढण. संक्रांतीच्या सुमाराला मी डॉक्टरपुढे अगदी रडवेली होऊन बसले. ती म्हणाली, शरीर हलकं झालं की त्याचा खर्चही कमी होतो, असे टप्पे येणारच. मग तिनं चेन्नईच्या एका अभ्यासाचं सांगितलं, २००६चा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची ५३१ माणसं होती. चालणं आणि खाणं ज्यांनी बदललं, त्यांच्या वजनात म्हणावा तसा फरक पडला नाही, तरी मधुमेह होण्याचा धोका साडेअठ्ठावीस टक्क्यांनी कमी झाला. काटा हलत नव्हता तरी आत काम चालू होतं! घरी येताना मी रिक्षा केली नाही, चालतच आले. तेव्हापासून ओटा धरून वीस उठाबशा आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढं वाढवलं. शिवाय जेवण झालं की अंगणात पंधरा मिनिटं फेऱ्या. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हे मी घरच्या यंत्रावर स्वतः पाहिलंय.

आता वजन साडेअडुसष्ट, कंबर ८७, तीन महिन्यांची साखर ५.६. सव्वा वर्ष लागलं. गुडघा बोलत नाही. सासूबाई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "वाळली हो पोर, कुणाची दृष्ट लागली." दर शनिवारी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळतात. मी मुकाट्यानं उभी राहते. तीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा 'पोर' म्हटलंय.

आता तुझ्याकडे वळते. "मी बाई पहिल्यापासून काटकुळी, मला काय होतंय," हे तुझं वाक्य मला पाठ आहे. ऐक. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांचा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. उंची-वजनाचा हिशेब दोघांचा सारखाच, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. दिसायला दोघेही सडपातळच. आपली हाडंपेरं बारीक आणि चरबी पोटात दडलेली, तेव्हा काटकुळेपणावर विसंबू नकोस. तुझ्याही वडिलांना साखर होती. एडमंटनच्या थंडीत तू मॉलमध्ये चालायला जातेस म्हणालीस, ते ऐकून फार बरं वाटलं. पण कॉफीबरोबरचा तो डोनट चालण्याच्या हिशेबात धरू नकोस!

तेव्हा हे पत्र वाचून झालं की तुझ्या डॉक्टरची वेळ घे आणि तीन महिन्यांची साखर तपासून घे. कमरेला टेपही लाव. दोन्ही आकडे मला कळव, खरे कळव. आणि डिसेंबरात येशील तेव्हा चालायचे बूट घेऊन ये. ह्या वेळी चार भिंतींपाशी बसू देणार नाही.

तुझीच,
मी