कडी आणि पाटी

दाराचा फ्लॅट, म्हणजे दार बसवलेली खोटी भिंत, उभी करणं हे नेपथ्यातलं सगळ्यात डोकेदुखीचं काम. मागून कितीही टेकू द्या, वजनं ठेवा, दार आपटलं की भिंत थरथरते आणि प्रेक्षकांत कुणीतरी हसतंच. मग तालमीतच नटीला सांगून ठेवावं लागतं, बाई, जरा बेतानं. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात हे ‘बेतानं’ फार महागात पडतं. सुरुवातीलाच कडीत नायिकेचं, बेणारेचं, बोट चेमटतं, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती पळायला बघते तर दार बाहेरून लागलेलं. जिवाच्या आकांतानं ओढायचं, आणि निम्मं लक्ष फ्लॅट अंगावर येऊ नये याकडे!

परवा एका छोट्या हॉलमध्ये काही तरुण मंडळींनी हे नाटक दाराशिवायच केलं. काळे पडदे, दोन-तीन खुर्च्या, एक स्टूल, सामंतच्या हातात हिरव्या कापडाचा पोपट. उजव्या कोपऱ्यात, सगळ्यांना दिसेल असा, एक मुलगा मांडीवर फळी घेऊन बसलेला. फळीवर ठोकलेली जुनी, गंजकी कडी. बेणारेनं हवेत हात घातला की त्यानं ती सरकवायची. किर्र... खट. तेल मुद्दामच घातलं नसावं. थोड्या वेळानं मुलगा दिसेनासा झाला, कडी तेवढी राहिली.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी बेणारे झालेल्या मुलीनं अख्खं अंग मागे टाकून ओढलं. माझ्या कुठल्याच फ्लॅटनं ते सोसलं नसतं. समोर काहीच नव्हतं. दोन पावलं टाकली असती तर ती सरळ आमच्यात येऊन बसली असती. तरी तिला सुटका नाही हे पटत होतं, कारण मागे तिच्यावर खटला चालवणारे काशीकर, सुखात्मे, पोंक्षे निवांत बसले होते. दोष द्यायला दारच उरलं नव्हतं.

एका बाबतीत मात्र त्यांचं चुकलं असं मला वाटतं. 1967 साली ‘रंगायन’साठी अरविंद देशपांड्यांनी बसवलेलं, सुलभा देशपांड्यांच्या बेणारेमुळे गाजलेलं हे नाटक मुळातच ओक्याबोक्या हॉलमध्ये घडतं. पण तेंडुलकरांनी त्या हॉलमध्ये बंद पडलेलं घड्याळ, पुढाऱ्यांच्या जुन्या तसबिरी आणि देणगीदारांच्या नावांची पाटी लिहून ठेवली आहे. ही शोभा नव्हे. पुण्यकर्माची जाहीर नोंद ठेवणारी माणसंच इथे एका बाईच्या चारित्र्याचा हिशेब मांडतात. काळ्या पडद्यापुढे हे कुणीही, कुठेही करेल असं वाटायला लागतं, आणि आपण नामानिराळे राहतो.

प्रयोगानंतर दिग्दर्शकाला म्हटलं, “दार नसलं तरी चालेल, पाटी मात्र लाव.”

“सर, हॉलवाले खिळा ठोकू देत नाहीत.”

“मग खुर्चीवर टेकव की! आणि हॉलवाल्यांची खरीच पाटी असेल ना बाहेर? तीच माग.”

तो हसला. म्हणाला, “तिच्यावर कमिटीचीच नावं आहेत. प्रयोगाला पहिल्या रांगेत बसतात ते.”