निदान




आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. वडिलांची नोकरी मध्य प्रदेशात होती. घरात मराठी होतीच, पण शाळेच्या कागदावरची मराठी आम्ही वडगावात आल्यावर इथल्या सहकाऱ्यांकडून शिकलो. त्या दिवसांत 'निदान' या शब्दाने आम्हाला फार चकवले. आम्हाला तो रोग ओळखणे या अर्थाने ठाऊक. इथे कोणी म्हणाले, "सर, निदान चहा तरी घ्या," की वाटायचे, आमचे कसले दुखणे यांनी ओळखले? या शब्दाचे दोन्ही अर्थ आम्हाला एकदाच आणि नीट समजले, ते एका ट्रकमुळे. ती हकिगत आज सांगतो. तीत आमची चूक आहे, म्हणून ती सांगायला उशीर झाला.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण कोणीच विसरलेलो नाही. निपाणी भागात वेदगंगा आणि दूधगंगा पात्र सोडून शिवारात शिरल्या होत्या. जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ हे खालचे पूल तर दर मोठ्या पावसात पाण्याखाली जातात; त्या वर्षी घरेही गेली. पाणी ओसरू लागल्यावर आपल्या शाळेने वह्या, चादरी, तांदूळ आणि भांडी जमवली. वडगावच्या विणकर घरांनी साड्या दिल्या. एका पालकांनी आपला छोटा ट्रक ड्रायव्हरसह दिला. माल दोन खेपांचा होता.

पहिली खेप व्यवस्थित पोहोचली. पण डांबरी रस्ता सोडल्यावर शेवटचे काही किलोमीटर उसाच्या फडांतून, काळ्या मातीच्या चिखलातून जावे लागले. दोन ठिकाणी पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत होते. परतताना ड्रायव्हरकाकांना ब्रेक नरम लागला. वाटेत एका दुकानात त्यांनी ब्रेक ऑइल भरून घेतले, पाइपातली हवा काढून घेतली आणि रात्री गाडी शाळेच्या आवारात आणून लावली. तेव्हा ब्रेक उत्तम लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दुसरी खेप निघायची होती. नववी-दहावीची दहा मुले मदतीला जाणार होती आणि ती मागे गठ्ठ्यांवरच बसणार होती. मालाच्या गाडीत मुले बसवणे हीच मुळात चूक. तिची कबुली आधी देतो.

ड्रायव्हरकाका आमच्याजवळ आले. "सर, पेडल परत मऊ लागालंय की ओ."

आम्ही विचारले, "ब्रेक लागतो ना?"

"दोनदा दाबलं की लागतंय. पण मला काय बरं वाटत नाही."

आम्ही घड्याळ पाहिले. तिकडे माणसे वाट पाहत होती. आम्ही म्हणालो, "काल पाण्यातून गेलीय गाडी. ओलावा असेल. दोन-चार किलोमीटर चालली की सुकेल." एवढेच नव्हे, गाडी चिखलाने माखलेली बरी दिसत नाही म्हणून मुलांना बादल्या घेऊन धुवायला सांगितले. वडगावहून निपाणी सुमारे ७५ किलोमीटर, आणि निपाणीच्या अलीकडे तवंदी घाटाचा उतार. भरलेली गाडी, दहा मुले आणि दोनदा दाबल्यावर लागणारा ब्रेक. आज हे वाक्य लिहितानाही अंगावर काटा येतो.

काका पुढे काही बोलले नाहीत, पण गाडीतही चढले नाहीत. त्यांनी ऑटोनगरातल्या एका ओळखीच्या मिस्त्रींना फोन केला. अर्ध्या तासात मिस्त्री आले आणि आल्या आल्या ओरडले, "पोरांनो, पाणी मारू नका! आधी चिखल बघू द्या."

चिखलात काय बघायचे, हे आम्हाला कळेना. पण त्यांनी पुढे जे केले तो आम्ही पाहिलेल्या उत्तम पाठांपैकी एक होता. म्हणून क्रमाने देतो.

पहिली गोष्ट त्यांनी आमची सुधारली. ड्रमच्या आत पाणी गेले, लायनर ओले झाले, तर पेडल कडकच राहते. फक्त गाडी लवकर थांबत नाही. चालता चालता हलका ब्रेक दाबत राहिले की ते सुकतात. पेडल मऊ लागणे ही वेगळी तक्रार आहे. "ब्रेक कमी लागतोय" आणि "पेडल मऊ लागतंय" या दोन वाक्यांत आम्ही फरक केला नव्हता. काकांनी केला होता.

मग इंजिन बंद ठेवून त्यांनी पेडल चार-पाच वेळा भराभर दाबले. ते वर आले. याचा अर्थ पाइपात हवा आहे, किंवा शू ड्रमपासून जास्त लांब राहिले आहेत. नंतर पाय तसाच दाबून त्यांनी मिनिटभर धरला. पेडल हळूहळू खाली जाऊ लागले. हवा असेल तर पेडल स्प्रिंगसारखे दबते, पण असे खाली सरकत नाही. सरकते आहे म्हणजे ऑइल कुठेतरी निसटते आहे: एक तर बाहेर गळते, नाही तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर ते मागे सोडते. बाटली पाहिली, तर रात्री भरलेले ऑइल बोटभर उतरले होते. म्हणजे बाहेरच गळत होते. पण कुठे?

इथे चिखल कामाला आला. रात्रभरात गाडीवरचा सगळा चिखल वाळून राखाडी झाला होता. मिस्त्री बॅटरी घेऊन गाडीखाली सरकले. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या मागच्या पत्र्यावर, तळहाताएवढा चिखल अजून काळा आणि ओला होता. बोट लावले तर बुळबुळीत. पाणी सुकते, ब्रेक ऑइल असे सुकत नाही. आमच्या बादल्या पाच मिनिटे आधी तिथे पोहोचल्या असत्या, तर हा पुरावा वाहून गेला असता.

तरी त्यांनी लगेच चाक खोलले नाही. मागच्या ॲक्सलकडे जाणारा रबरी पाइप कापडात गुंडाळून चिमट्याने हलकेच दाबून बंद केला आणि काकांना पेडल दाबायला सांगितले. पेडल दगडासारखे कडक. चिमटा काढला, पुन्हा मऊ. म्हणजे पुढची चाके, मास्टर सिलिंडर सगळे ठीक, दोष मागेच. (हा प्रयोग जाणकारानेच करावा, पाइप दुखावू शकतो.)

ड्रम उघडला. आतल्या छोट्या सिलिंडरचे रबर झिजून फाटले होते, त्यात वाळू शिरली होती, लायनर ऑइलने भिजले होते. आम्ही म्हणालो, "चिखलाने घात केला." मिस्त्री म्हणाले, "सर, रोग जुना आहे. चिखलाने फक्त बाहेर काढला." दोन वर्षांत तो ड्रम कोणी उघडला नव्हता. आदल्या दिवशी हवा काढल्याने पेडल रात्रीपुरते सुधारले, पण गळती तशीच होती. त्याच वाटेने रात्रीतून हवा पुन्हा आत आली.

मागच्या दोन्ही चाकांची रबरे आणि लायनर बदलले. चहासारखे काळपट झालेले जुने ऑइल काढून नवे भरले, सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली. दुपार झाली. दुसरी खेप एक दिवस उशिरा गेली. मुले बसने गेली.

नंतर नववीच्या वर्गात आम्ही दोन सिरिंज नळीने जोडून पाण्याने भरल्या. एक दाबली की दुसरी तत्काळ उठली. हाच ब्लेझ पास्कल यांचा नियम: बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. मग नळीत हवेचा बुडबुडा सोडला. दाबणारा अंगठा मऊ पडला, कारण हवा दबते, द्रव जवळजवळ दबत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, हेही मुलांना सांगितले. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ती मर्यादा १४० च्या आसपास येऊ शकते. घाटात ब्रेक तापले की ते उकळते, वाफ होते, आणि वाफही हवेसारखी दबते. म्हणून ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे आणि उतार खालच्या गिअरवर उतरावा. मोठ्या ट्रकांचे ब्रेक हवेवर चालतात. त्यांची तपासणी वेगळी.

आपल्या वाचकांत टेम्पोवाले पुष्कळ आहेत. बळ्ळारी नाल्याकाठच्या शिवारात पावसाळ्यात कोणाची गाडी चिखलात जात नाही? त्यांना एवढीच विनंती: चिखलातून आल्यावर मिनिटभर पेडल दाबून धरा, बाटली पाहा, चाकांची आतली बाजू पाहा. आणि "दोनदा दाबलं की लागतंय" यावर समाधान मानू नका.

आमच्यासाठी धडा निराळा आहे. गाडी चालवणारा माणूस म्हणत होता, "मला बरं वाटत नाही," आणि आम्ही, ज्याने कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, त्याला कारण सांगत होतो. वर्गातही हे घडते. मूल म्हणते, "सर, समजलं नाही," आणि आपण म्हणतो, "लक्ष नव्हतं तुझं." ते तिसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर देते आणि आपण पुढचा धडा घेतो. त्या सकाळपासून आम्ही एक सवय लावून घेतली आहे. शिपाईमामा असोत, ड्रायव्हरकाका असोत की पाचवीतले मूल, कोणी खटकते म्हणाले तर आपली बादली खाली ठेवायची आणि निदान ऐकून तरी घ्यायचे. दुसरे निदान तिथूनच सुरू होते.

आपले,
मुख्याध्यापक