आई मीटिंग रिक्वेस्ट पाठवत नाही

आपल्या घरात कॅलेंडर म्हणजे कालनिर्णय. १९७३ पासून स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याचाच खिळा. त्या चौकोनांत दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर कधी लावला त्याची तारीख, मावशीकडची मुंज, सगळं आईच्या अक्षरात. ऑफिसात आलं की दुसरं कॅलेंडर भेटतं. १९९७ मध्ये आलेलं आउटलुक, नाहीतर २००६ मध्ये आलेलं गुगल कॅलेंडर. दोघांत फरक काय? भिंतीवरच्या कॅलेंडरवर फक्त घरचे लिहितात. डेस्कटॉपवरच्या कॅलेंडरवर अख्खं ऑफिस लिहितं!

मीटिंग लावणाऱ्याच्या स्क्रीनवर सगळ्यांचे पट्टे एकाखाली एक दिसतात. जिथे रंग आहे तिथे तुम्ही बिझी, जिथे पांढरं आहे तिथे तुम्ही फ्री. बस्स, पांढरी फट दिसली की मीटिंग आलीच. लोकलमध्ये चौथी सीट दिसल्यावर 'जरा सरका' म्हणतात ना, तसं. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. ती जागा तुमच्या कशासाठी राखलेली आहे, हे त्या बिचाऱ्याला कळणार तरी कसं?

आणि इथेच गोची आहे. क्लायंट रिक्वेस्ट पाठवतो, एचआर पाठवतं, शेजारच्या टीमचा तो उत्साही मुलगासुद्धा पाठवतो. आई पाठवत नाही. 'मंगळवार, सायंकाळी सात, विषय : बाबा' असा मेल घरून कधीच येत नाही. त्यामुळे ऑफिसच्या हिशेबात घर म्हणजे कायम पांढरी फट.

जानेवारीत बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दर मंगळवारी सात ते पावणेआठ फिजिओथेरपिस्ट घरी येणार होते. व्यायाम शिकून घ्यायला आणि बाबांचा पाय धरायला आईच्या जोडीला कुणीतरी हवं. हिंजवडीहून कोथरूडला संध्याकाळी दीड तास कुठे गेला नाही. म्हणून मी कॅलेंडरमध्ये दोन नोंदी टाकल्या, 'प्रवास' सव्वापाच ते पावणेसात आणि 'बाबा' सात ते पावणेआठ. दोन्ही रिकरिंग, थेट एप्रिलअखेरपर्यंत. मग सहज मार्चचं पान उघडलं, तर काय? न्यूयॉर्कचा साप्ताहिक कॉल 'बाबा'वर येऊन बसलेला!

कारण साधं आहे. २००७ पासून अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आपलं घड्याळ बारा महिने जागच्या जागी. कॉल त्यांनी लावलेला, त्यामुळे तो त्यांच्या सकाळी दहाला धरून चालतो. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. जानेवारीत जे दोन चौकोन गुण्यागोविंदाने नांदत होते, ते मार्चमध्ये एकमेकांच्या अंगावर.

बॉसला नुसतं तोंडी सांगितलं असतं तर 'बघू गं, मार्चला वेळ आहे' एवढंच ऐकायला मिळालं असतं. मी त्याला स्क्रीनच दाखवली. एकावर एक चढलेले सात मंगळवार. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, 'बुधवारी घेऊ या का?' क्लायंटला दीड महिना आधी विचारलं, त्यांनाही बुधवार चालला. आयत्या वेळी रजा नाही, सॉरी नाही, कुणाचं तोंड वाकडं नाही.

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळते. रविवारी रात्री दहा मिनिटं पुढचे दोन आठवडे चाळायचे आणि घरच्या गोष्टी आधी टाकायच्या, कालनिर्णयवरून बघून. प्रवासालाही चौकोन द्यायचा, तोही वेळच आहे. कारण सगळ्या जगाला कळायला नको असेल तर नोंद 'प्रायव्हेट' करायची, लोकांना फक्त बिझी दिसतं. आउटलुक स्वतःहून पंधरा मिनिटं आधी आठवण करतं. मीटिंग रूम गाठायला तेवढं ठीक, घर गाठायला काय कामाचं? म्हणून आठवण जागेवरून उठायच्या वेळेची लावायची.

आणि हो, अख्खा आठवडा रंगवू नका. सगळंच बिझी दिसलं की कुणी विश्वास ठेवत नाही, सरळ वरून मीटिंग टाकतात. मी आठवड्याला तीनच चौकोन स्वतःचे ठेवते. कधी खरंच आग लागली तर त्यातला एखादा हलवायचा, पण माउसने ओढून दुसऱ्या दिवसावर ठेवायचा. डिलीट करायचा नाही. डिलीट केलेलं परत कुणी लावत नाही, आपण स्वतःसुद्धा.

बाबा आता जिना चढतात, कठड्याला न धरता. मंगळवारचा तो चौकोन मात्र मी काढलेला नाही. नाव तेच आहे, 'बाबा'. व्यायामाऐवजी आता आम्ही कोपऱ्यापर्यंत चालून येतो. तुमच्या पुढच्या आठवड्यात अजून पांढरं काही उरलंय का, बघा जरा. सोमवारी सकाळी ते नसेल!