पाणी राखणारी पवनचक्की

केंब्रिजला गेलेला मनुष्य कॉलेजांचे मनोरे पाहतो, नदीत होडीतून हिंडतो आणि लंडनची गाडी पकडतो. मी मात्र ईशान्येला काही मैलांवर असलेले विकन फेन पाहायला गेलो. संस्कृतातला ‘फेन’ म्हणजे फेस. इंग्रजांचा ‘फेन’ म्हणजे दलदल.

इथली जमीन ‘पीट’ची. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून मेलेले गवत पुरते कुजत नाही. थरावर थर बसून हजारो वर्षांत ही काळी, स्पंजासारखी माती होते. तिच्यावरून पाऊण मैलाची उंच वाट बांधली आहे. दोन्ही बाजूंना बोरूच्या जातीचे उंच गवत आणि करवतीच्या दात्यांसारख्या कडांची लव्हाळी. ही लव्हाळी छपरे शाकारायला कापीत. त्या कापणीची नोंद १४१४ सालची आहे! आजही काही वर्षांआड कापणी करतात, नाहीतर झुडपे माजतात.

सतराव्या शतकात व्हर्मायडेन या डच इंजिनियरने कालवे काढून भोवतालचा मुलूख कोरडा करायला घेतला. विकनचा तुकडा वाचला, कारण गावाला लव्हाळी हवी होती आणि जळणाला पीट. १८९९ साली नॅशनल ट्रस्टने त्यातली दोन एकर जमीन दहा पौंडांना घेतली. आज इथे नऊ हजारांवर जातींचे जीव नोंदले आहेत.

पण कोरडे पीट हवेत विरते आणि जमीन खचते. याच मुलखात होम फेनला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एक लोखंडी खांब माथ्यापर्यंत गाडला होता. आता तो सुमारे चार मीटर वर उभा आहे. भोवतालची शेते अशी खाली गेल्याने विकन फेनच उंचवटा झाले आहे, आणि त्याचे पाणी उताराला लागते. मिल्क-पार्सलीवर जगणारी स्वॅलोटेल फुलपाखरे इथून १९५० नंतर नाहीशी झाली. पुन्हा आणून सोडली, तरी टिकली नाहीत.

वाटेत एक लाकडी पवनचक्की लागते. १९१२ साली ती शेजारच्या दलदलीतले पाणी उपसायला बांधली होती. १९५६ साली ती इथे हलवली, ती पाणी आत घ्यायला!

महापुरात लव्हाळी तगतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण पाणी एकदा आटवले, की त्याच लव्हाळ्यांना ते माणसानेच पाजावे लागते.