मिठाच्या विहिरींचा मुलूख

समुद्र पाहायला आपण वऱ्हाडची माणसे मुंबईला जातो. पण खारे पाणी पाहायचे तर तेवढे लांब जायला नको. अकोला तालुक्यातले दहीहंडा गाठा. समुद्र शेकडो कोस दूर, तरी इथल्या विहिरींच्या पाण्यापासून एके काळी मीठ करीत. पाणी उपसायचे आणि वऱ्हाडच्या उन्हाच्या हवाली करायचे. इंग्रजी अमदानीत तो धंदा बुडाला. १९३० साली वऱ्हाडातले सत्याग्रही मिठाचा कायदा मोडायला निघाले, ते इथेच आले.

ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाचे गाव आहे. १९१५ साली तिथे ओपल हे रत्न सापडले आणि ओसाड माळावर माणसे खणायला जमली. ऊन असे, की घरेसुद्धा जमिनीत कोरली. पाण्याचे हाल वेगळेच. आमच्या माणसांनीही खणले. हाती रत्न नाही, मीठ आले!

अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णाकाठचा हा खारपाणपट्टा सुमारे पावणेपाच लाख हेक्टरांचा आहे. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. गोड पाण्यासाठी बायाबापड्यांनी कोस कोस पायपीट केली. सोयरीक जुळवतानाही पहिला प्रश्न पाण्याचाच. पुढे वान धरणाचे पाणी कित्येक गावांत नळाने आले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका शेतकरीदादांना मी म्हणालो, "बोअर घ्या, पाणी ते पाणी." पहिल्या वर्षी पीक डोलले. तिसऱ्या वर्षी जमीन अशी आवळली, की पावसाचे पाणीही वरच साचून राहिले. खाऱ्या पाण्यातला सोडियम काळ्या मातीची घडण मोडतो, हे मी पुस्तकात शिकलो होतो. समजले ते त्या वावरात. दादा एवढेच म्हणाले, "साहेब, आधी पाणी चाखून तर पाहायचं!"

म्हणून सांगतो, पाण्याची व मातीची तपासणी केल्याशिवाय ओलीत करू नका. बिघडलेल्या जमिनीला तपासणीच्या हिशेबाने जिप्सम द्या, ताग-धैंचा गाडा, चर काढून निचरा करा. पावसाचे गोड पाणी शेततळ्यात धरा. या मातीत मुरलेल्या ओलीवर हरभरा येतो; त्याला शेततळ्यातले एक पाणी मिळाले तरी घाटे भरतात.

त्या दादांच्या वावरात आज शेततळे आहे. हिवाळ्यात गेलो की ते हरभऱ्याचे टहाळ हातात देतात आणि पाण्याचा तांब्या पुढे करून हसतात, "चाखून पाहा, साहेब!"